गॅलरीपासून खांब किती लांब? उन्नत मेट्रो आणि आपलं नाशिक

थत्तेनगरवाली

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी पहाटे सहाला मी आणि बाबा मेजर टेप घेऊन गंगापूर रोडवर उतरलो. त्या वेळी दूधवाले आणि फिरायला जाणारे सोडले तर रस्त्यावर कोणी नसतं म्हणून. बाबांनी टेपचं टोक डिव्हायडरच्या बरोब्बर मध्ये धरलं, मी आमच्या कंपाउंडपर्यंत टेप ओढत आणली, आणि मग वरून ओळंबा सोडून गॅलरी नेमकी कुठे येते ते बघितलं (बाबा बांधकाम खात्यातून रिटायर झालेत त्यामुळे ओळंबा घरात आहेच). आकडा आला 16 मीटर 40 सेंटिमीटर. डिव्हायडरपासून आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या ग्रिलपर्यंत.

हे का केलं ते सांगते. त्याच्या आदल्या दिवशी सोसायटीची मीटिंग होती, विषय होता टाकीची दुरुस्ती, पण गाडी घसरली मेट्रोवर आणि दीड तास तिथेच. अर्धे म्हणतात आपल्या दारातून खांब जाऊ द्यायचे नाहीत, अर्धे म्हणतात फ्लॅटचे भाव वाढतील गप्प बसा. आणि एकालाही माहीत नाही की ती नक्की कुठून जाणार, किती उंच, किती रुंद. मलाही नव्हतं. म्हणून आधी मोजलं आणि मग वाचायला बसले.

थोडक्यात इतिहास. 2019 च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने नाशिकच्या मेट्रो निओला (म्हणजे खांबांवरच्या मार्गावरून, वरच्या तारेच्या विजेवर चालणारी रबरी टायरची लांब बस) मंजुरी दिली, साधारण 2100 कोटींचा प्रकल्प. एक मार्ग गंगापूर ते मुंबई नाका 10 किमीचा, तो आपल्या जेहान सर्कल, थत्तेनगर वरून. दुसरा गंगापूर ते नाशिकरोड 22 किमीचा, तो सातपूर, एबीबी, मायको सर्कल, सीबीएस, द्वारका करत. 2021 च्या केंद्रीय बजेटमध्ये 2092 कोटींची घोषणा झाली, पेढे वाटले गेले, आणि तेव्हापासून नाशिकमध्ये एक खांब उभा राहिलेला नाही. निओ का साधी मेट्रो यावरच चर्चा चालू आहे. पण दोन्हीत एक गोष्ट कॉमन आहे, ती म्हणजे जाणार वरून. खांबांवरून.

माझं म्हणणं असं की हीच वेळ आहे विचारायची. एकदा टेंडर निघालं, खांबांचा पाया खोदायचं पायलिंगचं मशीन दारात आलं की मग आपण फक्त धूळ खायची. मी विरोधात नाहीये, पण "विकास होतोय ना मग बोलू नका" हेही मला मान्य नाही. तुमच्या भागातून जाणार असेल तर तुम्हाला काय वाटतं, मनापासून लिहा.

पहिली_पाळी

ताई वाईट वाटून घेऊ नका पण माझी बाजू ऐका. मी जेलरोडला राहतो, नोकरी सातपूर एमआयडीसी, पहिली पाळी सातला सुरू. घरातून सव्वापाचला निघतो. शेअर रिक्षा करून बिटको, तिथून बस मिळाली तर सीबीएस, तिथून परत दुसरी बस नाहीतर परत रिक्षा. बस नाही आली तर सीबीएसला उभं राहायचं आणि घड्याळ बघायचं. दहा मिनिटं उशीर झाला की गेटवर अर्धा दिवस कट. पावसाळ्यात टू-व्हीलरने जातो, द्वारकेच्या खड्ड्यात गेल्या वर्षी पडलो, हाताला अजून पट्टी आहे.

ती 22 किमीची लाइन म्हणजे माझा रोजचा रस्ता आहे, स्टेशन टू स्टेशन. माझ्यासारखे हजारो आहेत, सातपूरला, अंबडला. आम्ही मीटिंगला येत नाही कारण आम्ही पाळीवर असतो. त्यामुळे गॅलरीचे 16 मीटर मोजले जातात, आमचे दोन तास कोण मोजणार?

सिव्हिलवाला

व्हायडक्टच्या (खांबांवरच्या लांब पुलाच्या) कामावर दुसऱ्या शहरात सहा वर्षं काढली आहेत म्हणून थोडी टेक्निकल माहिती देतो, घाबरवायचं नाहीये कोणाला.

दोन दिशांचा मार्ग असलेला डेक (खांबांवरचा सपाट भाग, ज्यावरून गाडी जाते) साधारण 9-10 मीटर रुंद असतो. म्हणजे मधोमध खांब धरला तर दोन्ही बाजूला पाच-पाच मीटर. ताईंच्या 16.40 मधून 5 वजा करा, जवळजवळ साडेअकरा मीटर उरतात. हे काही वाईट नाही, मुंबईत याच्या निम्म्यावर लोक राहतात. खरा प्रश्न स्टेशनचा आहे. स्टेशनला बाजूला प्लॅटफॉर्म येतात, खाली तिकिटाचा मजला येतो, रुंदी जवळजवळ दुप्पट होते. 20 मीटर धरा. मग तुमच्याकडे सव्वासहा-साडेसहा मीटर उरतात, आणि जिने-लिफ्ट तर फुटपाथवरच उतरणार, म्हणजे अगदी कंपाउंडला लागून. त्यामुळे "लाइन कुठून जाणार" हा प्रश्न सगळे विचारतात आणि "स्टेशनची पेटी नेमकी कोणत्या बिल्डिंगसमोर" हा कोणी विचारत नाही. विचारायचा तो हा.

आवाजाबद्दल. साध्या मेट्रोला लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं, सरळ रस्त्यात त्रास कमी असतो पण वळणावर चाक घासतं आणि किंचाळल्यासारखा आवाज येतो. निओ म्हणजे मुळात ट्रॉली बस, रबरी टायरची, 25 मीटर लांब जोडगाडी, अडीचशे माणसं बसतील-उभी राहतील अशी. तिचा आवाज पुष्कळ कमी. रुळ नाहीत म्हणून करंट परत जायला वाट नाही, त्यामुळे वर एकाऐवजी दोन तारा लागतात. गाडी हलकी म्हणून खांब आणि गर्डर पण हलके. म्हणूनच किलोमीटरला 65 कोटींच्या आसपास आकडा येत होता. पुण्याच्या साध्या मेट्रोचा पहिला टप्पा 31 किमीला 11,420 कोटी मंजूर होता, नागपूरचा 38 किमीला 8,680 कोटी. भागाकार तुम्हीच करा.

कायद्याने निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, 2000 सालचा नियम. आत्ताची पातळी आजच कोणी तरी मोजून ठेवा. नंतर तुम्ही म्हणाल मेट्रोमुळे वाढला, ते म्हणतील आधीच होता.

अनू_इंदिरानगर

आमचं ऐका, आम्ही हायवेच्या फ्लायओव्हरसोबत 2013 पासून संसार करतोय.

वरून जाणारी गोष्ट वाईट नसते. मुंबई-आग्र्याची ट्रक-कंटेनरची गर्दी वर गेली, खाली अपघात कमी झाल्यासारखं जाणवतं, हे मी नाकारणार नाही. पण जिथे रस्ता खांबांवर नाही, भरावावर आहे, तिथे बघा. इंदिरानगरचा बोगदा, राणेनगरचा, लेखानगरचा. एक पूर्ण शहर त्या बोळकांडीतून इकडून तिकडे जातं. माझा मुलगा पाचवीत होता तेव्हा त्याची शाळेची व्हॅन बोगद्यात रोज वीस मिनिटं अडकायची, तो खिडकीतून हात काढून भिंतीला लावायचा, इतकी व्हॅन भिंतीला चिकटून. आज तो इंजिनिअरिंगला आहे आणि बोगदा तसाच आहे.

तेव्हा डिझाइन करताना कोणीतरी कागदावर ठरवलं असेल की इथे एवढी वाट पुरे. त्या वेळी आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारायला गेलो नाही, तेव्हा तिकडे वस्तीच किती होती. म्हणून माझं एकच म्हणणं, वर काय जातं त्यापेक्षा खाली काय उरतं ते बघा. खांबांमधून रस्ता ओलांडता येणार का? का मधोमध रेलिंग टाकून बंद करणार आणि अर्धा किलोमीटर लांब वळसा?

आणि ज्यांना जिने चढता येत नाहीत त्यांचं पण. द्वारकेला भुयारी मार्ग बांधलाय, किती लोक उतरतात त्यात? माणसं जीव मुठीत धरून वरूनच रस्ता क्रॉस करतात. जिना उतरायचा आणि चढायचा म्हटलं की म्हातारी माणसं, बाळवाल्या बायका, ओझंवाले कोणीच जात नाही. लिफ्ट बंद असलेलं उन्नत स्टेशन म्हणजे तेच होणार, फक्त उलट्या दिशेने.

दुकान_कॉलेजरोड

मी व्यापारी आहे, सरळ बोलतो. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका स्मार्ट रोड आठवतो ना? फक्त 1.1 किमी. माझ्या मेव्हण्याचं तिथे स्टेशनरीचं दुकान, तीस वर्षांचं. दोन वर्षांवर रस्ता खोदलेला, समोर पत्रे, गिऱ्हाईक यायला फळी टाकलेली. जूनमध्ये शाळा सुरू होताना त्याचा वर्षाचा निम्मा धंदा होतो, लागोपाठ दोन जून गेले. तिसऱ्या वर्षी कामावरची दोन पोरं कमी केली. भरपाई एक रुपया नाही कारण त्याची जागा कोणी घेतली नव्हती ना, फक्त गिऱ्हाईक घेतलं होतं.

1.1 किमीला एवढं, तर 10 किमीला किती? जमीन गेली तर 2013 च्या भूसंपादन कायद्याने मोबदला आहे. धंदा बुडाला तर काय आहे? मला मेट्रो नको असं नाही, कॉलेज रोडला पार्किंगच नाही, लोक मेट्रोने आले तर माझाच फायदा. पण मधली चार वर्षं मी जगायचं कसं ते कोणीतरी लिहून द्या.

कोथरूडला_गेलेला_नाशिककर

पुण्यात कर्वे रोडवरच्या मेट्रोचं काम डोळ्यांसमोर झालं म्हणून लिहितो. वनाझ ते गरवारे कॉलेज 6 मार्च 2022 ला सुरू झाली. त्याच्या आधीची वर्षं खरंच वाईट होती, रस्त्याचा एक लेन पत्र्याच्या आत, रात्री दोनला ट्रेलरवरून सेगमेंट (पुलाचे तयार तुकडे) यायचे, रिव्हर्सचा पीं पीं आवाज, क्रेनचे लाइट बेडरूममध्ये. माझ्या मुलीचा जन्म त्यात झाला, तिला झोपवायला आम्ही मागच्या खोलीत राहायला गेलो.

आज विचाराल तर गाडी जाताना मी टीव्हीचा आवाज वाढवत नाही. सवयीचा भाग असेल. पण खिडकीचा पडदा मात्र तेव्हापासून कायम ओढलेला असतो, तो उघडणं बंदच झालं, हे खरं नुकसान आहे आणि ते कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

अजून एक. पुण्यात पीसीएमसी-स्वारगेट मार्गाचा पेठांमधला पाच-सहा किमीचा भाग भुयारी केला कारण तिथे वरून न्यायला रस्ताच नव्हता. मग इथले लोक विचारतात आमच्याकडे पण भुयारी का नाही. उत्तर पैसा. भुयारी म्हणजे दुप्पट-तिप्पट खर्च. मुंबईची मेट्रो 3 जवळजवळ पूर्ण भुयारी, 23,136 कोटींवर सुरू झाली आणि 37 हजार कोटींच्या वर गेली. नाशिकला कोण देणार एवढे?

पंचवटीचे_आजोबा

भुयारीचं नाव सुद्धा काढू नका बाळांनो. गोदावरीचा पूर बघितलाय का कोणी तुमच्यापैकी? 2008 चा सप्टेंबर, 2016 चा 2 ऑगस्ट. गोदाकाठचा दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून आम्ही पूर मोजतो, तो बुडाला की सराफ बाजारात पाणी, भांडी बाजारात पाणी, हे आम्ही पिढ्यान्पिढ्या बघतोय. खाली काळा पाषाण आणि वरून पूर, आणि काठावर मातीचे जुने वाडे जे एका मोठ्या पावसात भिंत टाकतात. तिथे खालून मशीन फिरवायचं म्हणजे छाती लागते.

तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगतो. नाशकात ट्राम होती. 1889 ला सुरू झाली, मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, आधी घोडे ओढायचे. माझे वडील लहानपणी बसलेत तिच्यात. 1930 नंतर थोड्याच वर्षांत तोट्यात जाऊन बंद झाली. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी सुद्धा कळलं होतं की गाव एकीकडे आणि स्टेशन एकीकडे आहे, त्यांना जोडायला काहीतरी पाहिजे. आणि तुमची ती ट्रॉली बस पण नवी नाही, मुंबईत बेस्टने 1962 ते 1971 चालवली, मी नोकरीला होतो तेव्हा बसलोय.

ट्राम जमिनीवरून जायची. दारातून चढता यायचं. आता माझ्या वयाला तीन मजले चढून गाडी पकडायची म्हणजे त्या अनूताई म्हणतात तेच, लिफ्ट बंद तर आम्ही बंद.

जमिनीवरूनच_का_नाही

आजोबांनी योग्य मुद्दा काढला. वर कशाला न्यायची? मुळात निओ ही बसच आहे ना. मग रस्त्यावर डेडिकेटेड लेन द्या, तीच गाडी जमिनीवरून चालवा, खर्च अजून कमी. अहमदाबादला 2009 पासून जनमार्ग चालू आहे. आपली नाशिकची शहर बस 2021 च्या जुलैमध्ये सुरू झाली, ठरलं होतं अडीचशे गाड्यांचं, त्याच हजार करा, सगळ्यांचे प्रश्न सुटतील, कोणाच्या गॅलरीसमोर काही येणार नाही.

सिव्हिलवाला

@जमिनीवरूनच_का_नाही, तत्त्वतः बरोबर. पण पुण्याने 2006 मध्ये कात्रज-हडपसर बीआरटी (बससाठी वेगळी लेन) केली, ती कशी फसली ते कोथरूडवाले सांगतील. लेन द्यायची म्हणजे गाडीवाल्यांकडून जागा काढून घ्यायची, आणि ती राखायची रोज. सीबीएस ते शालिमार ते सारडा सर्कल या पट्ट्यात दोन लेन काढून घेतल्या तर उरतं काय? तिथे वरून जाण्यावाचून मला तरी मार्ग दिसत नाही. पण गंगापूर रोडचा बाहेरचा भाग, आनंदवल्लीच्या पुढे, तिथे जमिनीवरून का नको हा प्रश्न रास्त आहे. सगळीकडे वरूनच किंवा सगळीकडे खालूनच असं काही शास्त्र नाही. केंद्राच्या 2017 च्या मेट्रो धोरणातच लिहिलंय की पर्यायांचा अभ्यास केल्याशिवाय प्रस्ताव पाठवायचा नाही, आणि स्टेशनपासून फीडर बस (स्टेशनला माणसं आणणारी-सोडणारी) पाहिजे. निओची क्षमता तासाला एका दिशेने 8 हजार माणसांपर्यंत धरलेली आहे. आज आपल्याकडे गर्दीच्या तासाला किती आहेत ते ज्याने त्याने अंदाजाने बोलू नये, अभ्यास मागावा आणि वाचावा.

वडाची_सावली

झाडांवर कोणी बोललंच नाही म्हणून मी. 2022 मध्ये उंटवाडीच्या म्हसोबाजवळचा जुना वड फ्लायओव्हरमध्ये जाणार होता. लोक जमले, हरकती दिल्या, बातम्या झाल्या, आणि वड आजही उभा आहे. नंतर तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडण्यावरून केवढा विरोध झाला ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे ओरडलं की ऐकलं जातं, पण वेळेत ओरडलं तर.

वृक्ष कायदा 1975 चा, त्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात, आणि झाड तोडलं तर त्याचं जेवढं वय तेवढी झाडं लावायची. म्हणून झाडाचं वय काय लिहिलं जातं यावर सगळं आहे. साठ वर्षांचा पर्जन्यवृक्ष कागदावर पंचवीसचा झाला की पस्तीस झाडं हवेत गेली. आम्ही काही जणी दर शनिवारी झाडांचे बुंधे मोजतो, छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून, फोटो काढून वहीत लिहितो. थत्तेनगरवाली ताई, तुमच्या पट्ट्यात डिव्हायडरमधली आणि कडेची झाडं कोणी मोजलीत का?

पहिली_पाळी

झाडांबद्दल माझं दुमत नाही. पण एक बोलतो, राग मानू नका. मुंबईत पेडर रोडचा फ्लायओव्हर झाला नाही, लता मंगेशकरांसारख्या मोठ्या माणसांनी विरोध केला होता. आणि मोहम्मद अली रोडवर जेजे फ्लायओव्हर झाला, अडीच किमीच्या आसपास, लोकांच्या खिडक्यांना घासून. माझा आत्तेभाऊ तिथे एका दुकानात कामाला होता, वरच्या मजल्यावर झोपायचा, तो सांगतो की रात्री गाडीचे दिवे भिंतीवरून फिरतात.

आता नाशिकचं सांगा. गंगापूर रोडवाले हरकत घेतील, वकील आहेत, डॉक्टर आहेत, पेपरवाले ओळखीचे आहेत. तिथे मार्ग बदलेल, आवाज अडवणारे बॅरिअर लागतील, स्टेशन सरकेल. सातपूर कॉलनीत काय होणार? गांधीनगर, नेहरूनगरला काय होणार? तिथे पण गॅलऱ्या आहेत. माझ्या बहिणीची सातपूर कॉलनीत आहे, 16 मीटर सोडा, मला वाटतं दहा पण भरणार नाहीत. तिच्या घरात कपडे वाळत घालायला तेवढीच जागा आहे. मला मेट्रो पाहिजे, पण तिच्या दोरीवरच्या कपड्यांवर नको.

थत्तेनगरवाली

@पहिली_पाळी, दादा, तुमची पोस्ट वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. राग अजिबात नाही. खरं सांगायचं तर मोजताना माझ्या डोक्यात फक्त आमची बिल्डिंग होती. तुमच्या बहिणीच्या गॅलरीचा विचार आलाच नव्हता, आणि यायला पाहिजे होता.

मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की आपण जे मागू ते पूर्ण मार्गासाठी मागायचं, फक्त थत्तेनगरसाठी नाही. डेकच्या कडेपासून घराच्या खिडकीपर्यंत कमीत कमी किती अंतर, हा एकच आकडा सगळ्या 32 किमीला लागू. त्याच्या आत घर आलं तर ध्वनिरोधक भिंत आणि दिसू नये असा आडोसा हा त्या घराचा हक्क, मग ते घर कुठेही असो. माझ्या मते हीच मागणी टिकेल. "आमच्या दारातून नको" म्हटलं की ती दुसऱ्याच्या दारात जाते, एवढंच होतं.

ग्रुपवर काय झालं तेही सांगते. तीन जण म्हणाले, आपण आपलं बघू, सातपूरवाले त्यांचं बघतील. वाईट वाटलं. पण वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांचा सगळ्यात जास्त विरोध होता, त्या खाली आल्या आणि म्हणाल्या की त्यांची कामवाली श्रमिकनगरहून येते, दोन रिक्षा बदलून, तिला विचारू का तिच्याकडे काय बोलतात ते.

अजून एक सापडलं. पर्यावरण मंजुरीची जी 2006 ची अधिसूचना आहे तिच्या यादीत मेट्रो येतच नाही, त्यामुळे त्या कायद्याखाली जनसुनावणी होणार नाही. म्हणजे कोणी आपल्याला बोलवेल म्हणून वाट बघत बसलो तर बसूनच राहू. आणि मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत प्रशासक होते, प्रश्न घेऊन जायला वॉर्डात नगरसेवकच नव्हता. या सगळ्या काळात जे कागद तयार झाले ते आपल्या डोळ्यांखालून गेलेलेच नाहीत.

प्लॅनिंगवाली_बाई

नगररचनेत काम केलंय म्हणून एक भर. सगळे खांबावर बोलताय, एफएसआयवर (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं त्यावर) कोणीच नाही. पुण्यात मेट्रो स्टेशनच्या 500 मीटरच्या आत जादा एफएसआय मिळतो, टीओडी म्हणतात त्याला. म्हणजे जिथे आज दोन मजली बंगला आणि आंब्याचं झाड आहे तिथे टॉवर. गंगापूर रोडच्या आतल्या कॉलन्या बघा, एका स्टेशनभोवती 500 मीटरचं वर्तुळ काढलं तर किती बंगले येतात. वस्ती बदलते ती खांबाने नाही, त्यानंतरच्या दहा वर्षांत त्या वर्तुळाने बदलते. ड्रेनेज, पाणी, पार्किंग तेच जुनं आणि माणसं तिप्पट. मी टीओडीच्या विरोधात नाही, स्टेशनजवळ जास्त लोक राहिले तरच गाडी भरते, नाहीतर रिकामी धावते आणि तोटा आपल्याच करातून जातो. मुंबईच्या मोनोरेलचं उदाहरण आहे, 2014 ला सुरू झाली आणि प्रवासी कधी मिळालेच नाहीत. पण ड्रेनेज आधी मग एफएसआय, हा क्रम लेखी मागा.

शिवाय मुंबई, पुणे, नागपूर, ठाण्यात एप्रिल 2022 पासून घरखरेदीवर 1 टक्का मेट्रो अधिभार आहे. फ्लॅटचे भाव वाढतील म्हणणाऱ्यांनी हेही हिशेबात धरावं.

दुकान_कॉलेजरोड

मॅडम, तुम्ही लिहिलं ते आमच्या व्यापारी मंडळात वाचून दाखवणार आहे. माझ्याकडून मागणीत एक ओळ घाला. काम तुकड्या-तुकड्यात करा. पूर्ण दहा किमीला एकदम पत्रे नकोत. एक किमी पूर्ण करा, पत्रे काढा, डांबर टाका, मग पुढचा किमी. आणि जूनमध्ये शाळांच्या दुकानांसमोर, दिवाळीच्या महिन्यात कपड्यांच्या दुकानांसमोर खोदायचं नाही. हे कंत्राटातच लिहिता येतं, सिव्हिलवाले सांगतीलच.

सिव्हिलवाला

येतं. टप्प्यांची अट आणि उशिराचा दंड दोन्ही टेंडरमध्ये घालता येतात. खर्च थोडा वाढतो. पण टेंडर निघायच्या आधी सांगितलं तर, नंतर नाही.

अनू_इंदिरानगर

लिफ्टची ओळ मी लिहिते. प्रत्येक स्टेशनला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिफ्ट, आणि तिकीट न काढता रस्ता ओलांडायला ती वापरता आली पाहिजे. म्हणजे स्टेशनच फूटब्रिज होईल. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला आई बोगद्याचं पण घाल ना त्यात. बोगद्याचा मेट्रोशी संबंध नाही, पण घालणार आहे.

पहिली_पाळी

थत्तेनगरवाली ताई, बहिणीशी बोललो. ती हो म्हणाली. या रविवारी मला सुट्टी आहे. सातपूर कॉलनीतून सुरू करू, मग वेळ राहिला तर द्वारकेच्या पुढे गांधीनगरपर्यंत. सकाळी साडेसहाला मुख्य रस्त्यावर बस स्टॉपपाशी उभा राहतो, नंतर ट्रॅफिक सुरू झालं की टेप धरता येणार नाही. माझ्याकडे कंपनीतली 30 मीटरची टेप आहे. तुमच्या बाबांना ओळंबा घेऊन यायला सांगा, चहा बहिणीकडे.

वडाची_सावली

मी पण येते, वही घेऊन. सातपूर कॉलनीच्या त्या रस्त्याला तीन मोठी कडुलिंबं आहेत, त्यांचे बुंधे राहिलेत.

थत्तेनगरवाली

बाबा येतायत. ओळंब्याला नवी दोरी लावली.